आईच्या समईचं एरंडेल

माझी तानी त्या वर्षी महिनाभर तापानं अंथरुणाला खिळली होती. वैद्याचे काढे झाले, अंगारा झाला, ताप हटेना. शेवटी मी चिंचलीच्या मायाक्का आईला नवस बोलले, की पोरीला तुझ्या पायरीवर आणते आणि घरच्या एरंडेलानं तुझी समई भरते. त्यातला थेंबही दुसरीकडं जाऊ देणार नाही. बांधावरच्या एरंडाच्या बिया भाजून, कुटून, उकळून मी स्वतः तेल काढलं आणि बुधलीत भरलं. आई ऐकेल का, ही शंका मात्र मनातून जाईना, आणि ती जाईना म्हणूनच मी घाई करत होते.

निघायच्या सकाळी आमचे मालक म्हणाले, चाकं उतरवून तुंबे पुसतो, वंगण घालतो, मग जाऊ. चाकाचा मधला लाकडी तुंबा आसावर फिरतो. तिथं वंगण नसलं की लाकूड तापतं, हे मलाही ठाऊक होतं. पण मी भडकले. पोरगी तापानं फणफणलीय आणि यांना चाकाचं कौतुक! आईच्या वाटेवर चाक अडत नाही, असं ठणकावून मी बैल जुंपायला लावले. माझ्या तोंडाला लागायचं त्यांनी केव्हाच सोडलं होतं.

चिकोडी दोन कोसांवर असताना उजवं चाक किंचाळायला लागलं. मग जळका वास आला, तुंब्यातून धूर निघाला आणि चाक जागीच आवळलं. गाडीखाली टांगलेला वंगणाचा नळा कोरडा ठणठणीत. त्यातच तानी बरळू लागली, मला ओळखेना. आता देऊळ राहिलं बाजूला, चिकोडीचा सरकारी दवाखाना गाठायचा होता, आणि तसल्या उन्हात तिला खांद्यावर घेऊन जाणं म्हणजे तिचा जीव घेणं होतं. मी रस्त्यातच बसकण मारली आणि आईशी चक्क भांडले.

तेवढ्यात समोरून निपाणीकडं निघालेली तंबाखूची गाडी आली. गाडीवान म्हातारा होता. त्यानं काही न विचारता मालकांबरोबर गाडीला टेकू दिला, आसाच्या टोकाची खीळ काढली, चाक ओढून उतरवलं. जळालेला थर दगडानं घासला, तुंब्यातली माती पुसली. त्याच्याही नळ्यात तळाचा काळा गाळ तेवढा होता. त्यानं डोक्याच्या पटक्याची पट्टी फाडली आणि माझ्या बुधलीकडं हात केला. मी ती छातीशी धरली. हे आईचं आहे, म्हटलं.

तो रागावला नाही. तानीकडं बघत म्हणाला, "आक्का, आई काय चिंचलीतच बसून असती व्हय? तुझ्या लेकीच्या उशाला बसलीया ती. तिलाबी ह्याच गाडीतनं जायचंय."

मला रडूच कोसळलं. बूच काढून मीच तुंब्यात तेल ओतलं. आईला म्हटलं, बाई, माझं काही चालत नाही, आता तुझं तू बघ. म्हाताऱ्यानं तेलात गाळ कालवला, पट्टी भिजवून आसाला गुंडाळली, चाक चढवलं, खीळ ठोकली. चाक निमूट फिरलं. वळून बघते तो त्याची गाडी वळणाआड गेली होती. पुढं मालकांनी निपाणीत पुष्कळ चौकशी केली, पण त्याचा पत्ता लागला नाही. तो कोण होता, हे मी ठरवत बसत नाही.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. आठव्या दिवशी तानीनं भाकरी मागितली.

घरी आल्यावर मालकांनी चाक उतरवलं. पट्टी काळीकुट्ट झाली होती, पण आस गुळगुळीत होता. ती पट्टी मी टाकली नाही, धुतलीही नाही.

पुढं आईच्या जत्रेला निघताना दोन्ही तुंबे मीच पुसले, वंगण मीच घातलं. मालक नुसते हसत होते. चिंचलीत तानी आपल्या पायांनी पायरी चढली. बुधलीच्या तळाचं तेल मी समईत ओतलं आणि त्या पट्टीची वात वळून तिच्या हातात दिली. तानीनं ती लावली. आधी थोडा काळा धूर झाला, मग ज्योत सरळ उभी राहिली. आई, तुझं तेल तुला पोचलं.