चोवीस सेकंदांची मावशी

आमच्या मावशीच्या घरात बोलायला चोवीस सेकंद मिळतात. पंचविसावा लागला की ती ओठ न हलवता घशातून भोंगा काढते, "प्यांऽऽऽ!" आणि तुमचं बोलणं बाद. मग तुम्ही पाहुणे असा, प्लंबर असा, की खुद्द तिचा नवरा असा. काकांचं एकही भाषण गेल्या अकरा वर्षांत शेवटापर्यंत पोचलेलं नाही. त्यांना कशाबद्दल काय म्हणायचं होतं, हे एक गूढच आहे.

हा आजार नाही, कामाचा परिणाम आहे. दिवसा मावशी चष्म्याच्या दुकानात काचा बसवते आणि लोकांकडून भिंतीवरची अक्षरं वाचून घेते. पण बास्केटबॉल लीगचा मोसम सुरू झाला, की आठवड्यातून दोन संध्याकाळी ती निळा कोट चढवून मैदानाच्या कडेच्या लांब टेबलामागे जाऊन बसते. ज्या संघाकडे चेंडू, त्याने चोवीस सेकंदांत तो बास्केटवर फेकलाच पाहिजे, आणि ते चोवीस सेकंद मावशीच्या अंगठ्याखाली असतात. फेकलेला चेंडू बास्केटच्या लोखंडी कडीला लागून परत त्याच संघाच्या हातात आला, तर मावशी बटण दाबते आणि त्यांना चौदा सेकंद मिळतात. कडीला लागलाच नाही, तर काही नाही, आहे तेच घड्याळ पुढे चालू. झालं काम.

"माकडसुद्धा करेल," असं काका एकदा जेवताना म्हणाले. तेव्हा भोंगा झाला नाही. दुसऱ्या दिवशी जेवण झालं नाही.

टेबलाला संघ नसतो, हे मावशीचं मुख्य मत. आपल्या गावाचा संघ जिंको नाहीतर खड्ड्यात जावो, टेबलावर टाळी नाही, हसू नाही, भुवईसुद्धा जागची हलायची नाही. त्या चेहऱ्याला आम्ही 'टेबलाचं तोंड' म्हणतो. मला ते हुबेहूब जमतं. गाल सैल सोडायचे, डोळे अर्धे मिटायचे आणि आपण थंड झालेलं दूध आहोत असं समजायचं. मावसबहिणीने लग्न ठरवल्याचं सांगितलं, तेव्हाही मावशीने हेच तोंड केलं. ताई रडायलाच लागली. मग कळलं की मावशीला आनंद झाला होता.

काकांचं सगळं उलट. ते लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर अंधाऱ्या बोगद्यात तारांशी बोलून साठलेलं सगळं ते मैदानावर बाहेर काढतात. आपल्या संघाचं नाव गेंडे. काका गेंड्यांचा राखाडी बनियन घालतात, तोही पोटावर ताणून, त्यामुळे गेंडा कायम श्वास रोखून उभा असल्यासारखा दिसतो. जागा ठरलेली, टेबलाच्या बरोबर मागे, चौथी रांग. तिथून त्यांचं चालू: "अरे खांबा, उडी मार की! उंचीचा पगार घेतोस ना?" खांब म्हणजे आमचा सव्वासात फुटी खेळाडू. सामन्यात नवराबायकोने एकमेकांना ओळखायचं नाही, असा मावशीचा नियम. एकदा खेळ थांबला असताना काका मागून ओरडले, "अगं, घराची किल्ली तुझ्याकडे राहिली का?" टेबलाचं तोंड. काका सामन्यानंतर पाऊण तास पायरीवर बसून होते.

तर या वर्षीची गोष्ट. दर मोसमात सगळ्या गावांतून घड्याळवाला एकच माणूस अंतिम मालिकेसाठी निवडतात. मावशीला अकरा वर्षं तेवढंच हवं होतं. सामना संपल्यावर टेबलवाले एक कागद भरतात, त्यात 'टेबलाची चूक' असा रकाना असतो. आपली चूक आपणच लिहायची, खाली सही करायची. मावशीचा रकाना अकरा वर्षं कोरा. तरी दर वेळी कोणाचा तरी भाचा नाहीतर जावई जायचा. या वर्षी मात्र लीगचे निरीक्षक, ज्यांना आम्ही हूंबाबा म्हणतो, स्वतःहून म्हणाले, "हूं. यंदा तुमचंच नाव आहे, बाई." एका दमात सहा शब्द! मावशीने लगोलग नवा निळा कोट शिवून घेतला, कपाटात टांगला, आणि रोज सकाळी दार उघडून तो अजून निळाच आहे ना, हे बघायला लागली.

इकडे गेंडे पहिले नऊ सामने ओळीने हरले. दोन प्रशिक्षक गेले. खांबाचा गुडघा सुजला, मग उतरला, मग दुसरा सुजला. कोपऱ्यावरचा सलूनवाला पोरांच्या डोक्यावर वस्तऱ्याने गेंडा कोरून द्यायचा. संघ हरल्यावर तो शिंग फुकट उडवून द्यायला लागला. आणि मग काय झालं देव जाणे, संघ जिंकायलाच लागला. घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना उरला तेव्हा हिशेब सोपा होता. जिंकलो तर पहिल्या आठांत, हरलो तर घरी.

एकतीस सेकंद बाकी. आपण एका गुणाने मागे. चेंडू आपल्याकडे, पण मावशीच्या घड्याळात तीनच सेकंद. खांबाने फेकला. पाच हजार माणसं एकदम "आऽऽऽ" करून उठली. माझ्यासमोर काका उभे राहिल्यामुळे मला फक्त राखाडी बनियन दिसला. चेंडू आपल्याच पोराच्या हातात पडला, घड्याळावर चौदा उमटले, त्याने इकडून तिकडे पळवून तो टाकला आणि गेला आत! समोरच्यांनी शेवटी दोनदा फेकला, दोन्ही बाहेर. जिंकलो. काकांनी एका अनोळखी माणसाच्या टकलाचा मुका घेतला.

मावशीला घ्यायला आम्ही टेबलवाल्यांच्या खोलीत गेलो. खोली कसली, फरशी पुसायचे मॉप ठेवायची जागा, त्यात एक टेबल. हूंबाबा सह्या गोळा करत होते. मावशी पेन धरून बसली होती.

"चल की! शहर पेटलंय बाहेर!" काकांचा आवाज बसलेला.

"जाळीला लागला होता," मावशी म्हणाली.

"काय?"

"खांबाचा चेंडू. कडीच्या खालून गेला, नुसता जाळीला लागला. लोक ओरडले आणि माझा अंगठा दाबला गेला. चौदा द्यायलाच नको होते."

काकांनी दार लावून घेतलं. "कोणी पाहिलं?"

"मी."

"तू सोडून?"

"मी सोडून ते बघायचा पगार कोणाला मिळतो?"

"हूं," हूंबाबा म्हणाले. "बाई, निकाल आता बदलत नाही. दोन्ही कर्णधारांच्या सह्या झाल्यात."

"मग लिहायला काय हरकत?"

"हूं. निवड याच कागदावरून होते."

"माहितीय."

मग काका सुरू झाले. "हे बघ, अकरा वर्षं वाट पाहिलीस, कोट शिवलास, त्यांच्या प्रशिक्षकालासुद्धा दिसलं नाही, टीव्हीवर दिसलं नाही, देवालाही दिसलं नसेल, आणि तू स्वतःच्या हाताने, म्हणजे माणसाने किती तो..."

"प्यांऽऽऽ!"

आणि तिने लिहिलं. चष्म्याचा नंबर लिहितात तशा बारीक, स्वच्छ अक्षरात.

गावाला कळायचं काही कारण नव्हतं. पण काकांना मन मोकळं करायचं होतं, म्हणून ते सलूनवाल्याकडे गेले. "तुझ्यामाझ्यात ठेव," म्हणाले. सलूनवाल्याने तसंच ठेवलं, म्हणजे प्रत्येक गिऱ्हाईकाला "तुझ्यामाझ्यात" असंच सांगितलं. संध्याकाळपर्यंत सगळं गाव त्या दोघांमध्ये येऊन बसलं.

मजा म्हणजे विजय खोटा, असं एकही जण म्हणाला नाही. मावशीच खोटी ठरली! "वहिनींना कोणी विचारलं होतं का?" इति सलूनवाला. "एवढं पाप वाटत होतं तर गप्प बसून वाटून घ्यायचं," इति वाणी. पुढच्याच फेरीत गेंडे तीन सामने ओळीने हरले, एकदा तर चाळीस गुणांनी, तेही मावशीच्या खात्यावर पडलं. पोरांचं म्हणे मनोधैर्य खचलं. खांबाचा तिसरा गुडघा असता तर तोही तिच्यामुळेच सुजला असता.

दुकानातही लोक यायला लागले. एक जाडगेला माणूस फ्रेम सैल झाली म्हणून आला आणि म्हणाला, "बाई, तुम्हाला कडी दिसते ना नीट?"

"बसा," मावशी म्हणाली. "शेवटून दुसरी ओळ वाचा."

त्याने मान पुढे काढली, मग मागे घेतली. "ओळ आहे का तिथे?"

"मग कडीचं मी बघते. तुम्ही नंबर काढून घ्या."

काकांनी अबोला धरला. त्या घरात अबोला लक्षात यायलाच तीन दिवस गेले. मग निरोप माझ्यामार्फत. "सांग तुझ्या मावशीला, भाजीत मीठ नाही." मी काकांच्या बसक्या आवाजात जाऊन सांगायची. "सांग तुझ्या काकांना, डबी त्यांच्या कोपराजवळ आहे." मी तोंड दुधासारखं करून परत यायची. पुढचे पंधरा दिवस माझी चैन होती.

मग लीगचं पत्र आलं. 'आपल्या प्रामाणिकपणाची नोंद घेण्यात आली आहे.' दुसऱ्या ओळीत, अंतिम मालिकेसाठी दुसऱ्या गावच्या एका तरुणाची निवड झाल्याचं कळवलं होतं, कारण त्याचा चुकांचा रकाना संपूर्ण मोसमात कोरा होता. मावशीने त्याच्याबरोबर काम केलेलं. डोक्याला इतकं जेल, की घड्याळाचे आकडे त्यात उलटे दिसतात.

"कोराच असणार," ती म्हणाली. "तो पेनच आणत नाही." आणि कपाटाचं दार लावलं. त्यानंतर सकाळचं ते कोट बघणं बंद झालं. हे मात्र मी कोणाला करून दाखवलं नाही.

अंतिम सामना रविवारी दुपारी. टीव्हीसमोर काका एका टोकाला, मावशी दुसऱ्या टोकाला, मध्ये मी आणि बिस्किटांचा डबा. जेलवाला पडद्यावर दिसला, तेव्हा दोघांनी एकाच वेळी बिस्किट उचललं. शेवटची चार मिनिटं. एकाने लांबून फेकला, चेंडू कडीच्या खालून जाळीला चाटून गेला, त्याच्याच साथीदाराने उचलला. घड्याळावर चौदा.

समालोचक खांबासारख्याच कोणाच्या तरी गुडघ्याबद्दल बोलत होता. पंच पळत होते. मावशीचा अंगठा सोफ्याच्या हातावर होता. तो हलला नव्हता.

"लागला नाही ना?" काका म्हणाले. थेट तिला. अठरा दिवसांनी.

"नाही."

"जाळी?"

"जाळी."

काकांनी पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तो लिहील का गं?"

मग काका उठून उभेच राहिले. ही काय पद्धत आहे, म्हणाले. इतक्या मोठ्या सामन्याला असली पोरं बसवतात, माणसाने चूक केली तर छातीठोकपणे कबूल करावी, आमच्या घरात बघा, आम्ही कधी लपवलं नाही, त्यासाठी गावाचे शब्द झेलले, आम्ही दोघांनी झेलले, लिफ्टचासुद्धा एक बोल्ट सैल राहिला तर मी लिहून ठेवतो...

मी मनातल्या मनात मोजत होते. चोवीस झाले. तीस झाले. मी श्वास रोखून मावशीच्या घशाकडे बघत होते. तिने टेबलाचं तोंड केलं होतं, डोळे टीव्हीवर होते आणि एका हाताने ती बिस्किटांचा डबा काकांच्या बाजूला सरकवत होती.

काका एक मिनिट अकरा सेकंद बोलले. भोंगा झाला नाही.