शत्रूला वाट हवी

किल्लेदार हे नाव त्याला लॅबमधल्या सहकाऱ्यांनी ठेवलं आणि ते असं काही चिकटलं, की पुढे पुढे त्याची बायकोही फोन करून "किल्लेदार आहेत का?" असंच विचारायला लागली. किल्ला सोडा, या माणसाच्या नावावर धड माळासुद्धा नव्हता. तो कवळ्या बनवायचा. दिवसभर मेण, प्लॅस्टर आणि गुलाबी हिरड्या यांच्याशी झटापट करायची आणि संध्याकाळी घरी येऊन, नखांतलं प्लॅस्टर काढून, कॉम्प्युटरवर डोंगर उभे करायचे, असा त्याचा कित्येक वर्षांचा शिरस्ता होता.

डोंगर एका खेळातले. या खेळात आपल्याला एक ओसाड मुलूख मिळतो. लाकूड तोडायचं, दगड काढायचा, धान्याचं कोठार भरायचं, माणसं वसवायची, तट-बुरूज बांधायचे, आणि मग शत्रू येतो. खेळणारे उदंड आहेत. किल्लेदार मात्र खेळण्याच्या फंदात फारसा पडत नसे. दुसऱ्यांनी खेळायचा मुलूख तो तयार करायचा. नदी कुठे वळणार, लांडगे कुठल्या रानात असणार, दुष्काळ कधी पडणार, शत्रू कुठल्या ऋतूत किती माणसं घेऊन येणार आणि यायच्या आधी काय निरोप धाडणार, हे सगळं तो ठरवायचा. देवाला याहून जास्त अधिकार असतील असं त्याला वाटत नव्हतं. शिव्या मात्र देवाला कमी पडत असाव्यात. किल्लेदाराच्या नकाशात दगडाची खाण हटकून नदीपलीकडे असे आणि पुलापुरतं लाकूड अलीकडे नसे. हरलेली माणसं त्या खेळाच्या फोरमवर येऊन त्याचा उद्धार करत, आणि तो सगळा उद्धार वाचून समाधानाने झोपायला जाई.

तशी सवय त्याला धंद्यानेच लावली होती. ज्याच्या तोंडात कवळी जायची, तो माणूस त्याला कधी दिसायचा नाही. कवळी नीट बसली तर कुणी कळवत नाही. टोचली की मात्र परत येते.

नवशिके नकाशेवाले त्याच्याकडे आपलं काम तपासायला पाठवत. त्यांतल्या बहुतेकांची चूक एकच असायची. देखावा झकास दिसावा म्हणून ते मुलूख चारी बाजूंनी डोंगरांनी बंद करून टाकत. या खेळातले शिपाई दरवाजे फोडतात, तटाला शिड्या लावतात, पण डोंगर चढत नाहीत. वाट नसली की ते नकाशाच्या कडेला, जिथे अवतरले तिथेच, भाले धरून उभे राहतात. मग डाव कसला आणि गंमत कसली? अशा नकाशाखाली किल्लेदार एकच ओळ लिहायचा : शत्रूला वाट हवी. ती ओळ त्या मंडळींत इतकी मुरली होती, की कुणाचं लग्न मोडलं तरी कुणीतरी खाली तीच लिहून ठेवायचं.

त्याची आई हॉस्पिटलात मेट्रन होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण गल्लीत तिला अजून मेट्रनबाईच म्हणत आणि ती दिसली की लोक उगाचच बाह्या नीट करत. मुलाच्या छंदाविषयी तिचं मत स्पष्ट होतं. चाळिशी उलटलेला माणूस विटांचे किल्ले खेळतो, यात तिला काही आजार दिसत नव्हता, पण तब्येतीचं लक्षणही दिसत नव्हतं.

एका सकाळी तिच्या हातातून कप पडला. उचलायला गेली तर उजवा हात ऐकेना. अर्धांगाचा झटका सौम्य होता, वाचा गेली नाही, पायही वाचले. हात मात्र मांडीवर ठेवला तर मांडीवर राहायचा. व्यायाम शिकवायला एक तरुण डॉक्टरीण घरी यायला लागली. तिनं पिवळा स्पंजचा चेंडू दिला आणि दाबत राहा म्हणाली. बाहेरच्या खोलीत किल्लेदाराला तिनं बाजूला घेऊन सांगितलं, की जे काय परत यायचं ते बहुतेक या पहिल्या काही महिन्यांतच येईल. हात वापरला तर येईल, नाहीतर असाच राहील. किल्लेदार मान डोलवत राहिला आणि नंतर मोरीत जाऊन बराच वेळ नळ सोडून उभा राहिला.

मेट्रनबाईंनी चेंडूला हात लावला नाही. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांना चेंडू दाबायला लावले होते. त्यांना तो कशासाठी असतो ते माहीत होतं आणि किती वेळा उपयोग होत नाही तेही माहीत होतं. त्या खिडकीकडे तोंड करून बसायच्या. सुनेनं गोडीत सांगून पाहिलं, मुलानं रागावून पाहिलं. चेंडू खिडकीच्या कठड्यावर धूळ खात पडला.

एका रविवारी दुपारी किल्लेदार आईच्याच खोलीत कॉम्प्युटर घेऊन बसला होता, म्हणजे निदान सोबत व्हावी. मागून आवाज आला, "विहीर आणि उकिरडा शेजारी शेजारी? रोगराई येईल."

किल्लेदार म्हणाला की खेळात तसं काही नसतं, आणि तेवढ्यात गावात साथ आली. हे त्याला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. मेट्रनबाईंनी खुर्ची पुढे ओढायला सांगितली आणि डाव्या हातानं आपला उजवा हात उचलून माऊसवर ठेवला, विसरलेली पिशवी जागेवर ठेवावी तसा.

पहिल्यांदा त्यांना एक झाड तोडायला सांगायचं तर बाण भलतीकडेच जायचा. पण झाड हे झाड होतं, चेंडू नव्हता, आणि ते तोडल्याशिवाय कोठार होत नव्हतं. रोज संध्याकाळी डाव पडायला लागला. सून तर म्हणाली, की सासूबाईंना इतकं गुंतलेलं त्यांच्या नोकरीनंतर पहिल्यांदाच बघतेय. आणि मग शत्रू आला. किल्लेदाराचाच जुना नकाशा तो, त्याच्या मानाने सोपा. शत्रूनं कोठार जाळलं, गाव बेचिराख केलं, डाव संपला. किल्लेदारानं घाबरून कॉम्प्युटरच बंद केला. मेट्रनबाई कॉटवर जाऊन भिंतीकडे तोंड करून निजल्या. दुसऱ्या दिवशी उठल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना दारातूनच परत पाठवलं. किल्लेदाराची भूक गेली. त्याच्या नकाशांत शेकड्यांनी माणसं हरली होती आणि त्याला कधी काही वाटलं नव्हतं. हे वेगळं होतं. ही त्याची आई होती आणि हरवणारा तोच होता.

म्हणून त्यानं आईसाठी नवा नकाशा केला. सुपीक जमीन, दाराशी दगड, अलीकडे लाकूड. उत्तरेला एक खिंड होती, शत्रू यायचा तो तिथून. त्या खिंडीत किल्लेदारानं हातानं एकेक कातळ ठेवला आणि ती बंद केली. हे करताना त्याला आपली ती प्रसिद्ध ओळ आठवलीच नाही असं नाही. आठवली. त्यानं ती बाजूला ठेवली.

मेट्रनबाईंनी त्या मुलखात जे राज्य केलं, ते खेळ बनवणाऱ्यांनीही कधी कल्पिलं नसेल. घरं वॉर्डातल्या खाटांसारखी एका रांगेत, मध्ये चालायला जागा. आजारी माणसांची सोय आधी, दारूचा गुत्ता नंतर, तोही गावाबाहेर. किल्ल्याला दुहेरी तट. हाताची बोटं आधी दोन, मग तीन कामाला लागली. एक दिवस त्यांनी उजव्या हातानं कप उचलला, निम्मा सांडला आणि उरलेला प्यायल्या. डॉक्टरीणबाईंनी सगळं श्रेय चेंडूला दिलं. कुणी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

पण किल्लेदार एक गोष्ट विसरला होता. शत्रू त्यानं अडवला, शत्रूचे निरोप नाही अडवले. ते ठरल्या वेळी पडद्यावर उमटत होते. खेळातल्या पहिल्या वर्षी, "सावध राहा, मी निघालो आहे." दुसऱ्या वर्षी, "तुझ्या तटाची धूळ करीन." मेट्रनबाई प्रत्येक वेळी माणसं तटावर चढवायच्या, तेल तापवायच्या, दारं लावून वाट बघायच्या. कुणी यायचं नाही. माणसं खाली उतरवायची, शेतात पाठवायची, की पुन्हा निरोप. पाचव्या वर्षीच्या निरोपाला त्या म्हणाल्या की आमच्या हॉस्पिटलात एक सुपरिंटेंडेंट होता, तोही नुसता राऊंडला येतो म्हणून कळवायचा. मग त्यांनी घोडेस्वार पाठवला.

तो खिंडीपर्यंत गेला. कातळांच्या पलीकडे, नकाशाच्या कडेला, पाच वर्षांचं सगळं सैन्य उभं होतं. दरसाल नवी तुकडी येऊन जुन्या तुकडीच्या मागे उभी राहिली होती. शिड्या घेतलेले, भाले घेतलेले, मधोमध निशाण धरलेला एक. सगळे किल्ल्याकडे तोंड करून.

मेट्रनबाईंनी बाण कातळांच्या ओळीवरून एकदा फिरवला.

"हे दगड कुणी ठेवले?"

"डोंगर आहे तो, आई. नैसर्गिक."

"निसर्ग इतका सरळ ओळीत नसतो," त्या म्हणाल्या. माऊस बाजूला सारला आणि खिडकीकडे वळून बसल्या.

दुसऱ्या दिवशी डाव पडला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. उजवा हात पुन्हा मांडीवर जाऊन बसला. किल्लेदारानं बायकोला सगळं सांगितलं, म्हणजे आपण कसं आईच्या भल्यासाठीच केलं ते. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई काय हरल्या म्हणून झोपल्या होत्या? तुम्ही त्या दिवशी किती घाबरला होतात ते त्यांनी बघितलं. पेशंटला समजतं, घरचे घाबरले की." आणि घडी घातलेला टॉवेल त्याच्या हातात देऊन आत गेली.

टॉवेल हातात घेऊन किल्लेदार आईच्या खोलीत गेला. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. बोलायची वेळ आली नाही.

खिडकीकडे बघतच मेट्रनबाई म्हणाल्या, "मी पेशंटला कधी फसवलं नाही. दुखेल तर दुखेल म्हणून सांगायचे. तू मला कुठल्या वॉर्डात टाकलंस, जिथे काही होतच नाही? खिंड उघड."

अर्धवट डाव उघडून त्यातला मुलूख बदलायची सोय नकाशेवाल्यांना असते. पण किल्लेदारानं सांगून बघितलं, की आता उघडली तर पाच वर्षांचे सगळे एकदम येतील. असा हल्ला त्यानं आजवर कुणावर, अगदी फोरमवरच्या उद्धटातल्या उद्धट माणसावरसुद्धा चढवला नव्हता. नव्यानं डाव मांडू, वाट पहिल्यापासून मोकळी ठेवू.

"साथ आली की सगळे एकदमच येतात," मेट्रनबाई म्हणाल्या. "उघड."

किल्लेदारानं एक कातळ काढला. एकाच माणसापुरती वाट झाली. पलीकडे पाच वर्षं ताटकळलेलं निशाण हललं.

मेट्रनबाई आधीच कामाला लागल्या होत्या. बाहेरच्या रांगेतली घरं रिकामी केली. कोठारातलं धान्य आत घेतलं. बाहेरचा तट मोकळा सोडला, तो आपल्याच्याने राखला जायचा नाही म्हणाल्या. सगळी माणसं आतल्या तटावर. बाण थरथरत होता, पण जायचा तिथे जात होता. पहिल्या शिड्या लागल्या, त्या पडल्या. दुसऱ्या लागल्या. पश्चिमेचा बुरूज ढासळला आणि नेमका त्याच वेळी माऊस त्यांच्या बोटांतून निसटला. किल्लेदाराला राहवेना. इतक्या नकाशांच्या अनुभवाने पुढचा डाव त्याला डोळ्यांसमोर दिसत होता, तेल ओतायची हीच वेळ होती. त्यानं झटकन हात घालून माऊस पकडला.

त्याचं मनगट कशानं तरी आवळलं. असं, की त्याच्या तोंडून आवाज निघाला. ती पकड तो लहानपणापासून ओळखत होता. रस्ता ओलांडताना, ताप मोजताना, खोटं बोलल्यावर.

"हात काढ," मेट्रनबाई पडद्यावरची नजर न हलवता म्हणाल्या. त्याचा हात उचलून त्यांनी टेबलाच्या कडेला ठेवला, माऊस घेतला आणि तेल ओतलं.

उशीर झाला होता. दरवाजा फुटला, निशाण आत आलं, डाव संपला. पडद्यावर किल्लेदारानंच लिहिलेली, हरणाऱ्याची टिंगल करणारी ओळ आली. ती त्यानं या नकाशातून काढायची राहूनच गेली होती. मेट्रनबाईंनी ती चष्मा नीट करून वाचली.

"लिहिणारा अगोचर आहे," त्या म्हणाल्या. "परत लाव. या वेळी कोठार आधीच आत बांधते. आणि चहा सांग."

किल्लेदार स्वयंपाकघरात गेला. बायकोनं त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या मनगटाकडे. त्यावर लाल वळ उठले होते, बोटं मोजता येतील असे.

"हे काय?"

"आईनं धरलं."

ती चहाचं पातेलं ठेवता ठेवता थांबली. "कुठल्या हातानं?"

किल्लेदारानं आपला उजवा हात वर केला, शाळेत उत्तर येणारा मुलगा करतो तसा, आणि तसाच उभा राहिला.