बाबा आणि पोप मार्टिन

माझे सासरे मनोहर तुस्कानो २००३ च्या मे महिन्यात वसईहून अमेरिकेत आमच्याकडे शॉमबर्गला आले, ते आमच्या मुलीच्या, इशिताच्या फर्स्ट कम्युनियनसाठी, म्हणजे चर्चमधल्या पहिल्या पवित्र प्रसादासाठी. सहा महिन्यांनी परत जायचं होतं. तिकिटाच्या आदल्या आठवड्यात दारातल्या बर्फावर घसरले आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, वॉकर आला, व्हिसाची मुदत वाढवून घेतली. एकतीस वर्षं गावच्या चर्चचं गायनमंडळ चालवलेला हा शाळामास्तर आता खिडकीत बसून बर्फ काढणारी गाडी बघायचा.

फेब्रुवारीत माझी नणंद नंदा फोनवर बोलून गेली, की फादरांनी मंडळ प्रसन्नकडे दिलं. प्रसन्न बाबांचाच विद्यार्थी.

"का? मी मेलो का?" बाबा एवढंच म्हणाले आणि जेवले नाहीत.

त्यांचं मन लागावं म्हणून मी इथल्या चर्चमधून पोपांच्या चरित्रांचं पुस्तक आणलं. इंग्रजी त्यांना जड जायचं, म्हणून इशिता वाचायची आणि मी मराठीत सांगायचे. बाकीचे पोप बाबांनी भराभर उलटले. सातव्या शतकातल्या मार्टिनपाशी मात्र थांबले. सम्राटाला न विचारता पोप झाला, वर सम्राटाचीच शिकवण चुकीची ठरवली, म्हणून आजारी असताना त्याला पकडून बोटीत घातलं. कितीतरी दिवस अंग धुवायला पाणी नाही. पुढे काळ्या समुद्राकाठी हद्दपार. तिथून तो रोमला पत्रं लिहायचा, की इथे भाकरीचं नुसतं नाव ऐकू येतं, मला सगळे विसरलात. आणि रोमनं तो जिवंत असतानाच दुसरा पोप निवडला.

"आजोबा, धिस पोप कम्प्लेन्स अ लॉट," इशिता म्हणाली.

"मग काय उपाशीपोटी स्तोत्रं गाईल?" बाबा खेकसले.

तेवढ्यात प्रसन्नचाच फोन आला. "सर, चर्चला पन्नास वर्षं होतायत. त्या निमित्तानं काढतोय त्या अंकाला तुमचा लेख हवाच."

बाबांनी तीन आठवडे मार्टिनवर लिहिलं. त्यांचा हात थरथरतो, म्हणून पक्की प्रत मी करत होते. शेवटाला आले तर एक गोष्ट गाळलेली. मार्टिननं अखेरच्या पत्रात, आता रोममध्ये जो मेंढपाळ, म्हणजे नवा पोप, बसला आहे, त्याच्यासाठी प्रार्थना केली होती.

"बाबा, हे राहिलं."

"जागा नाही."

"दीड पान कोरं आहे."

"तू सून आहेस का संपादक?"

मी पेन ठेवलं. देवाचं काम अर्धं लिहून मला पोस्टात टाकवेना. दोन दिवस आम्ही मिठाशिवाय शब्द बोललो नाही. म्हणजे "मीठ दे", एवढंच. तिसऱ्या दिवशी बाबांनी स्वतःच्या वाकड्यातिकड्या अक्षरात ते वाक्य लिहिलं आणि खाली आणखी एक: "त्याला हे कसं जमलं, मला ठाऊक नाही, पण मीही प्रयत्न करतो आहे."

अंक ऑगस्टमध्ये आला. लेख भाकरीपाशीच संपला होता. खाली बारीक अक्षरात, "जागेअभावी संक्षिप्त."

"पाहिलंस? नेमकं तेच कापलं!" बाबांनी अंक सोफ्यावर आपटला. बराच वेळ धुसफुसत बसले. मग म्हणाले, "लाव फोन. छापलं नाही तर तोंडानं सांगायला हवं."

मी परदेशी फोनसाठीच्या प्रीपेड कॉलिंग कार्डाचा नंबर फिरवून फोन हातात दिला.

"प्रसन्न? हो, मिळाला अंक. बरा आहे... मला तुला एक... नाताळचं काय बसवतोस?" मग एकदम आवाज चढला. "एवढ्या वरच्या पट्टीत? पोरींचे गळे फाडायचेत का? अर्ध्या सुरानं खाली घे. नाही, थांब, मी म्हणून दाखवतो."

आणि बाबा गायला लागले. दुसरं कडवं, तिसरं कडवं. मी खुणा करत होते, तेवढ्यात कार्डाची मिनिटं संपली.

बाबांनी दोनदा "हॅलो, हॅलो" करून फोन ठेवला.

"सांगायचं ते राहिलंच," मी म्हटलं.

"माहितीय मला!" ते करवादले. "उद्या नवं कार्ड आण."