बाळंतिणींचं झाड

माया वासनिक ही आमच्या खापा भागातली वनरक्षक आणि मी तिचा वनपाल, म्हणजे तिच्या डोक्यावरचा. काळजी करण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. सगळं ठीक चाललं असलं की तिला जास्तच धास्ती वाटते. नागपुरात इंदोऱ्याला वाढलेली पोरगी. वडील गांधीबागेत कापडाच्या दुकानात होते आणि लेकीने बँकेत बसावं अशी त्यांची फार इच्छा होती. लेक इकडे आली आणि झाडांच्या ढोलीत डोकावत फिरू लागली.

आता आमच्या खात्याची खोड सांगतो. सरळ, भरीव झाड ते झाड. पोकळ झाड निकामी. वाळकी, पोकळ, वेडीवाकडी झाडं वर्षानुवर्षं काढून काढून आम्ही जंगल इतकं साफसूफ केलं की ढोली औषधालाही उरली नाही. मायाच्या हद्दीत एकच मोठी शिल्लक होती, नाल्याकाठच्या जुन्या अर्जुनाच्या पोटात. तिच्यात वटवाघळं राहत. फळं खाणारी मोठी नव्हेत, चिमणीहून लहान, किडे टिपणारी. उन्हाळ्यात आसपासच्या साऱ्या माद्या पिल्लं घालायला तिथे जमत. एकीला वर्षाकाठी एकच पिल्लू, आणि ते उडायला लागेपर्यंत त्याला दुसरीकडे नेऊन ठेवायला जागाच नाही.

मे महिन्यातल्या वादळात रस्त्यावर एक झाड पडलं आणि वरून हुकूम आला, वाटेवरची धोक्याची झाडं मृगाच्या आत तोडा. अर्जुनाखालून गावाची पायवाट जात होती, तेव्हा तो त्यात आलाच. माया माझ्याकडे धावत आली.

"साहेब, पिल्लं उडेपर्यंत थांबा. आता तोडलं तर एकही वाचणार नाही."

मी म्हटलं, "वरचं मी सांभाळतो. पण गावाने ओरड केली तर माझे हात बांधलेले आहेत."

गावाने ओरड केलीच. चावडीसमोर माणसं जमली. दुधाची गाडी चालवणारा अंकुश मोबाइल नाचवत म्हणाला, "म्याडम, हे चमगादड बीमारी आणतात. तुम्ही तोडत नसान तं आम्ही पेटवून देतो."

माया डासांबद्दल बोलली, कपाशीवरच्या किडीबद्दल बोलली. ऐकतो कोण! शेवटी तिचा आवाज फाटला.

"अरे, आत बाळंतिणी आहेत गा! साऱ्याच्या साऱ्या बाळंतिणी. लेकरं अंगाले चिकटून आहेत त्याईच्या. थोडं तं थांबा!"

मागे कांताबाई बसली होती. गावची जुनी सुईण. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलं, अंकुशसकट. ती गुडघ्यावर हात देऊन उठली.

"बाळंतिणी हायेत म्हणते न पोरगी? मंग कुऱ्हाड कायले नेता गा? अंकुश, तुह्या मायच्या टायमाले कोणी घर पाडाले आलं होतं काय?"

लोक हसले. अंकुशने मोबाइल खिशात घातला. पिल्लं उडेपर्यंत नाल्याच्या पलीकडून जायचं ठरलं. माझा जीव भांड्यात पडला. मायाचा नाही. अंकुश गप्प बसायचा नाही, असं तिच्या मनाने घेतलं होतं. रोज संध्याकाळी ती लांब उभी राहून वाघळं बाहेर पडताना बघायची आणि घरी गेल्यावर मला फोन करायची. "साहेब, खरंच पेटवलं तर?" मी वैतागून दोनदा फोन ठेवून दिला.

मग एका दुपारी उशिरा आम्ही दोघं मोटारसायकलवरून तिकडे निघालो होतो. नाला दिसू लागला आणि झाडामागून धूर वर चढताना दिसला.

"पेटवलं, साहेब! पेटवलं त्यांनी!"

गाडी पुरती थांबायच्या आत तिने उडी टाकली. मी मागून पळालो. झाडावर कावळ्यांचा गोंधळ चालला होता.

तिथे अंकुश नव्हता. ढोलीच्या तोंडाशी निखाऱ्यांचं घमेलं ठेवून कांताबाई उकिडवी बसली होती. एका हाताने पदराचा वारा घालत होती, दुसऱ्याने निखाऱ्यांवर काहीतरी भुरभुरत होती.

"आजी! काय करून राहिली तू?"

"धुरी देऊन राहिली, बाई. ओवा हाय, शेपा हाय. बाळंतिणीले धुरी नाही देली तं अंगात वारा भरते. इथं जंगलात त्याईले कोण देईन?"

मायाने तापलेलं घमेलं उघड्या हातांनी उचलून नाल्यात भिरकावलं. तोवर व्हायचं ते झालं होतं. वाघळं लख्ख उजेडात बाहेर पडून आंधळ्यासारखी आपटत होती आणि कावळे त्यांना वरच्या वर टिपत होते. काहींच्या पोटाशी पिल्लं होती. पुष्कळशी पिल्लं खाली पालापाचोळ्यात पडली होती, गुलाबी, उघडी.

कांताबाईने वर पाहिलं, मग खाली. "हे काय झालं वं?"

"धूर म्हणजे त्याईले आग वाटते, आजी."

"पण तूच तं बाळंतिणी म्हणली होती."

लाकूडचोरांना दरडावणारी, साहेबांशीही हुज्जत घालणारी आमची माया. ती गुडघ्यांवर खाली बसली. भाजलेल्या हातांवर रुमाल गुंडाळून ती एकेक पिल्लू उचलू लागली आणि ढोलीच्या आत खरबरीत लाकडाला लावू लागली. काहींनी पकड घेतली. कांताबाई काठी घेऊन कावळ्यांवर धावत होती, त्या वयात, घसा बसेपर्यंत. मला इतकी चीड आली होती, पण ती कोणावर काढावी हेच कळत नव्हतं.

ऊन उतरल्यावर आम्ही लांब जाऊन बसलो.

"आया येतीन काय परत?" कांताबाईने विचारलं.

"आल्या तं लेकराचा आवाज ओळखून येतात," माया म्हणाली.

"मंग चूप बसा." आणि तिने पदर तोंडात कोंबला.

अंधारू लागलं तशी एक आली, ढोलीत शिरली. मागोमाग आणखी काही आल्या. सगळ्या नाही आल्या.

बुंध्याशी एक पिल्लू आमच्या नजरेतून सुटलं होतं. कांताबाईने ते पदरात उचललं, उलटं धरलं आणि जन्मल्यावर न रडणाऱ्या पोराला मारतात तशी पाठीवर हलकी टिचकी मारली. काही झालं नाही. पुन्हा मारली.

"आजी, राहू दे," माया म्हणाली.

"थांब वं. आजवर माह्या हातून एकही गेलं नाही."

आणि तिने पुन्हा टिचकी मारली.