निरुपमाताईंची तीन मिनिटं

गुजरातमध्ये, वासणा भागातल्या आमच्या सोसायटीच्या बागेत पाण्याच्या टाकीशेजारी दोन बाक समोरासमोर आहेत. सकाळचं चालणं झालं की तिथे आमचा शेअरबाजार भरतो, खऱ्या बाजाराच्या दोन तास आधी. वीजमंडळातून निवृत्त झालेले भास्करराव चिटणीस, पंपांना लागणाऱ्या विजेच्या मोटारींचं दुकान मुलाच्या हाती सोपवलेले किरीटभाई शाह, आणि मी. माझ्याकडे सगळ्यांत कमी शेअर, त्यामुळे मी ऐकायचं काम करतो.

निरुपमा पागनीस या बाकावर आल्या त्या गुडघ्यांमुळे. डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं होतं. एके दिवशी दम खायला टाकीपाशी थांबल्या, तेव्हा भास्करराव आम्हाला समजावत होते की कंपनीने एकास एक बोनस शेअर दिले, म्हणजे आपली रक्कम दुप्पट झाली.

"माफ करा हं," ताई म्हणाल्या, "दुप्पट नाही होत. पोळीचे चार तुकडे केले म्हणून पोळी मोठी होत नाही."

भास्करराव गोरेमोरे झाले. किरीटभाईंनी मात्र लगेच सरकून जागा केली. "बसा बेन, बसा. इथे खरं बोलणाऱ्याची फार तंगी आहे." किरीटभाई दांडिया बाजारात मराठी शेजारात वाढलेले, त्यामुळे मराठी आमच्यासारखंच बोलतात.

ताईंनी एकोणतीस वर्षं शहराबाहेर नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगांच्या कारखान्यात काढली होती, प्रयोगशाळेत. एमएस्सी होऊन लागल्या तेव्हा त्या प्रयोगशाळेत दुसरी बाई नव्हती. सकाळी सहाची कंपनीची बस, दिवसभर नमुने तपासायचे, संध्याकाळी घरी येऊन स्वयंपाक. यजमान दीनानाथ रेल्वेत होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक दिवस जाहीर केलं की यापुढे सकाळचा नाश्ता आपण करणार, आणि शब्द पाळला. म्हणून ताईंना सकाळ मोकळी मिळाली, आणि आम्हाला ताई.

शेअरांचं वेड त्यांना नव्हतं, कुतूहल होतं. कंपनीचा वार्षिक अहवाल त्या शेवटच्या पानापासून वाचत. "पुढच्या पानांवर फोटो असतात. खरं काय ते मागे, बारीक अक्षरात," असं म्हणत.

आमच्या सगळ्यांकडे एक शेअर सामाईक होता, विश्वधारा बँकेचा. बँक मोठी नव्हे, पण गुजरातभर शाखा आणि छोट्या कारखान्यांना कर्ज देण्यात नाव. मी माझे शेअर किरीटभाईंच्या सांगण्यावरून घेतले होते, भास्कररावांनी निवृत्तीच्या वेळी, आणि ताईंनी दोन वर्षं अहवाल वाचून.

गेल्या ऑगस्टात या शेअरची घसरण सुरू झाली. अमेरिकेने आपल्या मालावर जबर आयातशुल्क लावलं होतं. टीव्हीवर रोज कोणीतरी सांगत होतं की निर्यात करणारे कारखाने बंद पडणार, त्यांची कर्जं बुडणार, आणि कर्जं देणाऱ्या बँका अडचणीत येणार. दुसऱ्या चॅनेलवर तितक्याच ठामपणे उलट सांगत होते. आमच्या दोन बाकांवर ती दोन्ही चॅनेलं एकाच वेळी लागलेली असत.

"सरकारने आधीच बोलणी करायला हवी होती," भास्करराव म्हणत. "भाषणं झाली, मिरवणं झालं, आता भोगा. ही बँक गेली म्हणून समजा."

"अरे, दोन महिन्यांत सगळं नीट होईल," किरीटभाई म्हणत. "आपण कुणापुढे झुकणार नाही. भाव पडलाय तर अजून घ्यायचे."

पंधरा दिवस हेच चाललं. मग एका सोमवारी भाव एकदम कोसळला, आणि मंगळवारी सकाळी दोघेही झोप न झालेल्या डोळ्यांनी आले. भास्करराव म्हणाले, "तुमच्या लाडक्या सरकारने शेवटी आम्हाला रस्त्यावर आणलं."

किरीटभाई एरवी हसून सोडून देतात. त्या दिवशी म्हणाले, "तुम्हाला देशाचं चांगलं झालेलं बघवतच नाही, चिटणीस. पेन्शन खायची सरकारची आणि शिव्याही सरकारलाच."

भास्करराव उठले. टोपी घातली आणि फाटकातून बाहेर पडले. दुसऱ्या दिवसापासून ते बागेत येईनासे झाले. बाहेरच्या मोठ्या रस्त्यावर, वाहनांच्या धुरात, एकटेच चालताना दिसत. तीस वर्षांची ओळख होती दोघांची. किरीटभाईंच्या मुलाच्या लग्नात वरातीची सगळी रोषणाई भास्कररावांनी उभं राहून करून घेतली होती.

किरीटभाई बाकावर येत, पण पेपरात डोकं घालून बसत. आठवडाभराने ताई मला म्हणाल्या, "उद्या नंदेसरीला येता का?"

"नंदेसरीला? कशाला?"

"हे दोघं दिल्ली आणि अमेरिकेवर भांडतायत. बँकेने पैसे दिलेत नंदेसरीला. नमुना न घेता रिपोर्ट कसा लिहायचा?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून निघालो. सहासष्ट वर्षांची बाई, गुडघ्याला पट्टा, आणि छाणी गावाच्या पुढे ट्रकांच्या मधून अशी गाडी काढत होती की मी दोनदा डोळे मिटले. नंदेसरी जवळ आल्यावर कारखान्यांचा तो ओळखीचा आंबूस वास आला. ताईंनी मान वर करून श्वास घेतला. "चालू आहेत," म्हणाल्या. "वास आहे म्हणजे चालू आहेत."

त्यांची ओळख होती जयसिंगराव मान्यांशी. हे गृहस्थ तिथल्या एका वजनकाट्यावर वीस वर्षं बसलेले. येणारा-जाणारा प्रत्येक ट्रक त्यांच्या काट्यावरून जाई. ताईंना बघून ते खुर्चीतून उठूनच आले. "मॅडम! प्रयोगशाळा परत उघडायला आलात की काय?"

चहा आला. ताईंनी सरळ विचारलं, "माल कमी झालाय का?"

जयसिंगरावांनी आधी इकडेतिकडे बघितलं, मग खरं ते सांगितलं. रंगवाल्यांच्या गाड्या कमी झाल्या होत्या. तीन पाळ्यांच्या जागी दोन, एका ठिकाणी तर एकच. पण शेतीच्या औषधांचे कारखाने जोरात होते, आणि काही रंगवाल्यांनी ब्राझीलकडे, तुर्कस्तानाकडे माल पाठवायला सुरुवात केली होती. "बंद कोणी नाही झालं, मॅडम. पण मालक लोक सकाळी लवकर येतात आता. आधी अकराला यायचे."

त्यांनीच ओळख करून दिली म्हणून आम्ही एका छोट्या कारखानदारालाही भेटलो. कर्ज विश्वधारा बँकेचंच. हप्ता चुकला नव्हता, पण पुढच्या हप्त्यांसाठी सहा महिन्यांची मुदत मागितली होती. "बँकवाले स्वतः येऊन यंत्रं चालतात का बघून गेले," तो म्हणाला. ताईंनी हे सगळं छोट्या वहीत टिपून घेतलं, तारखेसकट.

परत येताना त्या म्हणाल्या, "दोघेही अर्धे बरोबर आहेत. पण ते मी सांगून कोणाला पटणार? बँकेनेच सांगायला हवं."

बँकेची वार्षिक सभा सप्टेंबरात होती. हल्ली या सभा व्हिडिओवर होतात. आधी नाव नोंदवलं तर साध्या भागधारकालाही तीन मिनिटं बोलता येतं. ताईंनी नाव नोंदवलं. मग त्या संध्याकाळी भास्कररावांच्या घरी गेल्या. मी सोबत होतो.

"भास्करराव, मला प्रश्न लिहायला मदत पाहिजे. सभा माझ्या घरी बघू. किरीटभाईही येणार आहेत, आधीच सांगते. यायचं तर या."

भास्कररावांनी चष्मा काढून पुसला. "प्रश्न कोण लिहिणार? तो?"

"तुम्ही दोघं. काटछाट मी करणार."

सभेच्या दिवशी भास्करराव साडेदहालाच हजर. इस्त्रीचा शर्ट, हातात चार पानी प्रश्न. किरीटभाई आले ते एक वाक्य घेऊन, पण त्या वाक्यात अर्धं मिनिट बँकेच्या अध्यक्षांची स्तुती होती. दोघे टेबलाच्या दोन टोकांना बसले. ताईंनी लाल पेन घेतलं. भास्कररावांच्या चार पानांतलं परराष्ट्र धोरण गेलं, किरीटभाईंची स्तुती गेली. उरले ते तीन प्रश्न. दीनानाथांनी सेव-उसळीच्या वाट्या पुढे ठेवल्या, त्यामुळे भांडायला कोणाचं तोंड मोकळं राहिलं नाही.

सभा सुरू झाली. एकामागून एक भागधारक बोलायला येत होते. कोणी चेअरमनसाहेबांना दीर्घायुष्य चिंतलं, कोणी दिवाळीची भेट मिळाली नाही म्हणून तक्रार केली. ताईंचा नंबर चौदावा. तो आल्यावर निवेदक म्हणाला, "नेक्स्ट, मिस्टर निरुपमा पागनीस." किरीटभाईंना हसू आवरेना. त्यांनी तोंडावर रुमाल धरला.

ताईंनी पदर नीट केला आणि हिंदीत बोलू लागल्या. त्या म्हणाल्या, मी रसायनशास्त्राची माणूस आहे. मी नंदेसरीला जाऊन आले. रंगांचे कारखाने कमी पाळ्यांत चालतायत. त्यांतल्या किती जणांनी तुमच्याकडे मुदत मागितली? ती कर्जं तुम्ही चांगली धरता की अडचणीतली? आणि हे असंच वर्षभर चाललं तर बँक तग धरेल का? कृपया भाषण नको, आकडे द्या.

दोन मिनिटं दहा सेकंद लागली. भास्कररावांनी घड्याळ लावलं होतं.

उत्तरं शेवटी एकत्र दिली गेली. सुरुवातीच्या प्रश्नांना गुळगुळीत उत्तरं मिळाली, आणि भास्करराव मान हलवू लागले, बघा, बघा. मग कार्यकारी संचालक म्हणाल्या, "पागनीस मॅडम स्वतः जाऊन आल्या आहेत, त्यांना मी वरवरचं सांगणार नाही." त्यांनी मुदत मागणाऱ्यांची टक्केवारी सांगितली. ती आमच्या अंदाजापेक्षा थोडी जास्त होती. त्यांपैकी निम्म्यांसाठी बँकेने आधीच रक्कम बाजूला काढून ठेवली होती. "वर्षभर असंच राहिलं तर नफा बराच कमी होईल. बँकेला धोका नाही. पण लाभांश कमी मिळेल, हे आजच सांगते."

"म्हणजे मी म्हणत होतो तेच," भास्करराव म्हणाले.

"म्हणजे मी म्हणत होतो तेच," किरीटभाईही त्याच वेळी म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आधी दीनानाथ हसले, मग आम्ही सगळेच. किरीटभाई उठून टेबलाच्या त्या टोकाला गेले आणि भास्कररावांच्या खांद्यावर हात ठेवला. "ते पेन्शनचं मी चुकीचं बोललो, चिटणीस. माफ करा."

"उसळ गार होतेय," भास्करराव म्हणाले. पण हात तसाच राहू दिला.

भाव लगेच वर आला नाही. दुसऱ्या दिवशी तर थोडा खालीच गेला. भास्कररावांनी निम्मे शेअर विकले, कारण त्यांना झोप हवी होती, आणि ती त्यांना लागली. किरीटभाईंनी एकही विकला नाही. मीही नाही. ताईंनी आपले ठेवले, पण नवे घेतले नाहीत. दिवाळीनंतर भाव हळूहळू सावरला, पूर्वीइतका मात्र नाही. जानेवारीत मी ताईंना विचारलं, वाईट वाटतं का?

"नाही हो," त्या म्हणाल्या. "काय घेतलंय ते मला माहीत आहे. तेवढं पुरतं."

सभेतल्या त्या बोलण्याची गोष्ट सोसायटीत पसरली, अर्थातच किरीटभाईंमुळे. मग तिसऱ्या मजल्यावरच्या देवश्री वहिनी एक अहवाल घेऊन ताईंकडे आल्या. नवऱ्याच्या पश्चात शेअर त्यांच्या नावावर झाले होते, आणि त्यांना ते उघडून बघायचीही भीती वाटत होती. त्यांच्या मागून आणखी दोघी आल्या. आता दर रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये नऊ बायका आणि चार पुरुष बसतात. कुठला शेअर घ्यावा हे ताई कोणालाच सांगत नाहीत. फक्त वाचायला शिकवतात.

परवाच्या रविवारी मी डोकावलो. देवश्री वहिनी मोठ्याने एक परिच्छेद वाचत होत्या. मध्येच थांबून त्या म्हणाल्या, "निरुपमाताई, हे लोक इतकं फिरवून का लिहितात? यांना सांगायचं तरी काय आहे?"

ताईंनी चष्मा वर केला आणि खुर्ची जवळ ओढली. "परत वाच," म्हणाल्या, "आणि सांग, या वाक्यात त्यांनी काय सांगितलेलं नाही?"