कवडूची बंदूक अन् माझी साक्ष

मूलच्या राइस मिलमध्ये मी धानाच्या पोत्यावर बसलो होतो. सिंदेवाहीहून आलेला गाडीवान जवळ येऊन म्हणाला, "भाऊ, कवडू गेला." मी विचारलं, "कोणत्या गाडीनं?" त्यानं डोक्याचं मुंडासं उतरवलं, तेव्हा समजलं... दीड महिना झाला त्याला. एका गारेनं म्हैस मेल्याची गोष्ट सांगताना गावभर रडलेला मी माणूस, पण लंगोटीयार गेला अन् डोळे कोरडेच आहेत.

तरुणपणी धानाच्या बांधीत कोणी आधी पाणी घ्यायचं, यावरून भांडण झालं, कवडूच्या काठीनं एकाचं डोकं फुटलं अन् तो तीन वर्षं सजा भोगून आला. पुढं बाप वारला. पिकाच्या राखणीसाठी बापाकडं परवान्याची भरमार, म्हणजे ठासणीची बंदूक होती. परवाना आपल्या नावावर करायला कवडू गेला, तर साहेब म्हणाले, सजा झालेल्याला मिळत नाही, बंदूक ठाण्यात जमा कर. तो बंदूक घेऊन निघालाही होता. मीच अडवलं. "लोंब्या भरून राह्यल्या अन् तू बंदूक देऊन येतं? डुकरं काय तुह्या तोंडाले पाहून पळतीन?" धान निघाला की देऊ, असं ठरलं.

चौऱ्याऐंशीच्या त्या हंगामात त्यानं एकच बार काढला, तोही आभाळात. डुकरं पळाली. एवढ्यावर माझं कसं भागावं! चहाच्या टपरीवर मी एका गोळीत तीन डुकरं पाडली. तिसऱ्यातून निघालेली गोळी मोहाच्या झाडात घुसली अन् दुपारपर्यंत झाडाची पानं गळाली. गोष्ट सावली गावाला पोचेपर्यंत डुकरांचा वाघ झाला. मग पोलीस आले. वाघाचा केसही सापडला नाही. कवडूच्या अंगणात, धानाच्या तणसाच्या ढिगात बंदूक सापडली.

खटला चंद्रपुरात चालला. आधीची सजा असलेल्याजवळ बिनपरवाना बंदूक, म्हणजे कवडू पुन्हा आत जाणार हे दिसतच होतं. माझ्या नावावर एकही गुन्हा नव्हता, मला थोडक्यात सोडतील असं वाटलं. म्हणून वकील नको म्हणत असताना मी साक्षीला उभा राहिलो अन् सांगितलं, बंदूक माझी, तणसात मीच लपवली. तिथं थांबलो असतो तर... पण मी ती सिरोंच्याहून आणली, पुरात डोक्यावर बांधून नदी पोहून आलो. सरकारी वकिलानं विचारलं, दस्ता कशाचा? मी म्हणालो, अस्सल सागाचा, गुळगुळीत. बंदूक टेबलावरच होती. दस्ता दोन ठिकाणी फुटलेला, तांब्याच्या तारेनं आवळलेला. सगळं कोर्ट हसलं.

कवडू हसला नाही. म्हणाला, "साहेब, हा माह्यासाठी झूठ बोलून राह्यला. बंदूक माह्या बापाची, अन् माह्याजवळच होती."

त्याला दोन वर्षांची सजा झाली. कोर्टाबाहेर त्याची बायको भागरताबाई उभी होती. ती एवढंच बोलली, "भाऊजी, गोष्ट तुमची होती, घर माहं होतं."

सुटून आल्यावर कवडूनं त्या दिवसाचा विषय कधी काढला नाही. फक्त एक सवय लागली. माझी गोष्ट रंगात आली की माझ्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच विचारायचा, "यात खरं किती?" मी म्हणायचो, अर्धं. "अजून कमी कर," म्हणायचा, अन् मग हसायचा.

परवा टपरीवर एका अस्वलाची गोष्ट चालू होती. अस्वल बैलबंडीवर चढलं अन् मी थांबलो, गुडघा थोडा पुढं केला... कोणाचाच हात आला नाही. पोरं म्हणाली, "मंग, अस्वलाचं काय झालं?"

मी म्हणालो, "अस्वल नव्हतंच."