ज्या दिवशी गावात शेजारी उरला नाही

अठ्ठेचाळीस सालच्या थंडीत माझं पहिलं लेकरू सात दिवसांचं होतं. अंगावर दूध नीट उतरलं नव्हतं. लेकरू चोखायचं आणि रडायचं. मुलूख निजामाचा, दिवस भयाचे. आमची गल्ली आणि मागची मुसलमानांची गल्ली, एकमेकींकडे जाणंयेणं बंद पडल्यासारखंच होतं.

सासरे हिंगोलीच्या बाजारातून आले आणि ओट्यावर बसूनच बोलले, "दिल्लीत म्हाताऱ्याला गोळ्या घातल्या. प्रार्थनेला चालला होता."

कोणता म्हातारा, हे कोणी विचारलं नाही.

संध्याकाळी मारुतीच्या देवळात माणसं जमली. टाळ न वाजवता भजन झालं आणि ठरलं, घरचंच माणूस गेलं, उद्या एकाही घरी चूल पेटवायची नाही. तिकडे मशिदीत नमाज झाली आणि तेच ठरलं.

मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भाकरी आणून देतात. त्यांच्यातही तसंच. पण आता अख्खं गावच मयताचं घर झालं होतं. आणून देणारं कोण? दोन्हीकडे एवढे शहाणे बसले होते, एकाच्याही ध्यानात आलं नाही. एखाद्या बाईला विचारलं असतं तर आलं असतं.

मोठ्या माणसांचं एक दिवसाने काही बिघडत नाही. माझ्या पोटात मात्र सकाळपासून नुसतं पाणी होतं. दुपारपर्यंत लेकराचा आवाज बसला. मी सासूला म्हटलं, "थोडी पेज तरी करा."

"तुह्या सासऱ्यानं देवळात शब्द दिला. गावात आपलाच धूर निघाला तर तोंड कुठं दाखवू?"

तेवढ्यात मागच्या दारी पिंजारीण आली. आमच्या गाद्यांचा कापूस तिचा नवरा पिंजायचा. पदराखाली झाकलेलं भगुनं होतं.

"सकाळपासून ऐकून राहिले, लेकरू रडून राहिलं. गूळ घालून बाजरीची पेज केली, माय."

"तुमच्यातबी चूल बंद हाय ना?" सासू म्हणाली.

"हाय की. घरच्या बुढ्याला म्हणलं, तुमी बसा रडत. गावात कुणीतरी शेजारी व्हाया पायजे."

"धूर दिसला असंल."

"दिसला. उद्या खाईन बोलणी."

माझी सासू मुसलमानाच्या घरचं पाणीसुद्धा न पिणारी. ती भगुन्याकडे बघत राहिली, मग लेकराकडे. लेकरू आता रडतही नव्हतं.

"दे तिला," ती म्हणाली. "सात दिवसांची बाळंतीण तशीबी विटाळात. तिचं आणखी काय बाटायचं राहिलं?"

"बराबर हाय!" पिंजारीण हसली.

मी पेज प्याले, भगुनं बोटाने पुसून काढलं. सासूने तिला विचारलं, "तू खाल्लं का काही?"

"म्या कसं खाऊ? घरी सुतक हाय."

सासू उठली, पिठाचा डबा काढला आणि चूल पेटवली. धूर बघून सासरे देवळातून धावत आले. "काहून पेटवली?"

"शेजारणीच्या घरी मयत झाली," सासू म्हणाली. "भाकरी नेऊन द्यायची हाय."

सासऱ्यांनी चुलीकडे पाहिलं आणि ते सरपण आणायला गेले. दिवस मावळेपर्यंत दोन्ही गल्ल्यांत धूर होता, ज्याचा त्याचा पलीकडच्या गल्लीसाठी.

दिवेलागणीला मला पान्हा फुटला. लेकरू प्यालं आणि झोपलं.